तिसऱ्यांदा काय म्हणायचं?

विजेचा नवा स्विचबोर्ड घरी आणला की खोक्यात स्क्रूचं एक छोटं प्लॅस्टिकचं पाकीट निघतं. वायरमन ते दातानं फाडतो, स्क्रू तळहातावर ओततो आणि पाकीट फेकून देतो. ते कुणीतरी बसून भरलेलं असतं, हे आपल्या मनातही येत नाही. माझ्याही आलं नसतं. पण सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी आठवडाभर लाइनवर बसून अशी पाकिटं भरली आहेत. पन्नाशी उलटल्यावर, अंगात निळा कोट आणि डोक्याला जाळीची टोपी घालून. माझी बरीचशी पाकिटं परत यायची. स्क्रू बरोबर असायचे, वॉशर टाकायचे राहायचे.

मी तिथं पोटासाठी गेले नव्हते. माझ्यामागून त्या खुर्चीवर प्राची बसणार होती, म्हणून गेले होते.

मी शिकले विशेष शिक्षिकेचं. नाशिकरोडच्या एका संस्थेत स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवायचे. अक्षरं ज्यांच्या डोळ्यांपुढे जागेवर थांबत नाहीत, ज्यांना एका ठिकाणी बसवत नाही, अशीही मुलं असायची. हल्ली या सगळ्याला न्यूरोडायव्हर्सिटी असा भारदस्त शब्द आला आहे. मेंदूंच्या घडणीत फरक असतात, फरक म्हणजे बिघाड नव्हे, असा त्याचा अर्थ. शब्द चांगला आहे. आमच्या वेळी लोक सरळ 'ती मंद मुलांची शाळा' म्हणायचे आणि रिक्षावाल्यालाही तोच पत्ता कळायचा.

शाळेत असताना एक गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती. मुलं मोठी होत होती. अठरा वर्षं झाली की शाळा निरोप द्यायची आणि काल-परवापर्यंत रोज दप्तर भरून येणारी मुलगी घरात टीव्हीपुढे बसायची, ती बसायचीच. तेव्हा मी वर्ग सोडला आणि मोठ्यांच्या मागे लागले. कारखाने, बेकऱ्या, रोपवाटिका, गोदामं पालथी घालायची, मालकांना पटवायचं आणि आमच्या मुलामुलींना तिथं कामाला लावायचं. कार्डावर छापलं होतं 'जॉब कोच'. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून खेळाचं काहीतरी शिकवते."

या कामाची रीत अशी. आधी ते काम स्वतः करून बघायचं, म्हणजे त्यात नेमकं काय अवघड आहे ते कळतं. बहुतेक वेळा काम अवघड नसतंच. अवघड असतो डोक्यावरचा भोंगा, जेवणाच्या सुट्टीतली गर्दी, नाहीतर 'जरा लवकर उरका' हे वाक्य. जरा म्हणजे किती, ते आपल्याला कळतं, आमच्या लोकांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. मग कामाचे तुकडे पाडायचे, त्यांची चित्रं टेबलावर चिकटवायची. लाइनवरच्याच एखाद्या जाणत्या बाईला किंवा बाप्याला सोबती म्हणून ठरवायचं. पहिले काही दिवस आपण शेजारी बसायचं, मग थोडं लांब, मग दारात, मग फक्त फोनवर. आणि एक दिवस आपली गरज उरत नाही.

मालक लोकांची एक गंमत असे. सिनेमे बघून त्यांची समजूत झालेली की ऑटिझमवाल्या प्रत्येकाच्या अंगात काहीतरी अचाट विद्या असते. माझ्यासमोर खुर्चीत रेलून विचारायचे, "मॅडम, हिचं स्पेशल टॅलेंट काय?" मी सांगायचे, "काही नाही. काम शिकली की करते. सुरुवातीला हळू करते." मग त्यांचा चेहरा पडायचा. टॅलेंट नसलेल्या शेकडो लोकांना त्यांनी नोकऱ्या दिलेल्याच असायच्या, पण आमच्याकडून मात्र चमत्कार हवा असे.

चमत्कार नसले तरी फजित्या होत्या. इगतपुरीच्या पुढे हायवेवरच्या एका हॉटेलात मी अनिकेतला लावलं. ताटं लावायचं काम, मालक भला माणूस, सगळं छान चाललेलं. एका रविवारी गिऱ्हाइकानं सहज विचारलं, "भाजी ताजी आहे ना?" अनिकेत म्हणाला, "नाही, कालची आहे. पण दाल ताजी आहे." सबंध टेबलानं दाल मागवली. संध्याकाळी मालकाचा फोन आला. "ताई, पोरगा हिरा आहे. पण माझ्या धंद्याला हिरा परवडत नाही." अनिकेत नंतर एका रोपवाटिकेत रमला. तिथं खोटं बोलायची फारशी वेळ येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते प्राचीचं.

प्राची जेलरोडला राहायची, आईबरोबर. वडील ती लहान असतानाच गेलेले. आई, मंगलताई, घरी ब्लाऊज शिवायच्या. प्राची बोलायची, पण मोजकं आणि सरळ. नजरेला नजर द्यायची नाही. मोठा आवाज तिला दुखायचा. आपल्याला दात दुखावा तसा खराखुरा दुखायचा. म्हणून लाइनवर ती कानांवर इअरमफ लावायची. आणि तिला कुणी न सांगता हात लावलेला चालायचा नाही. हे सगळं मी तिच्या नोकरीच्या आधी कारखान्यातल्या लोकांना बसवून समजावून सांगितलं होतं. हे 'हात लावू नका' मी जरा ठासूनच सांगितलं होतं. त्याचा पुढे काय उपयोग झाला, ते सांगतेच.

सोबतीण म्हणून मी निवडली होती सुनीताताईंना. सिन्नरजवळच्याच एका गावातल्या, चाळिशीच्या, लाइनवर सगळ्यांत जुन्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, ही चिडली तर चावती का?" मी म्हटलं, "नाही, पण तुम्ही विचारलंत हे बरं केलंत." महिनाभरात सुनीताताई तिचा डबा आपल्या डब्याशेजारी मांडायला लागल्या. प्राचीची टोपी नीट करायची असली तर आधी म्हणायच्या, "करू का गं?" ती मान हलवायची, मगच हात लावायच्या. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं.

सकाळी मंगलताई तिला बसस्टॉपवर सोडायच्या. पुढे सिन्नरपर्यंत ती एकटी जायची. गल्लीत कुणी विचारलं, "प्राची कुठं गेली?" की मंगलताई हातातलं काम ठेवून, सावकाश, ऐकणाऱ्याला नीट कळेल असं सांगायच्या, "कामावर गेलीय."

तिला तिथं वर्ष होऊन गेलं होतं. माझं जाणं जवळजवळ थांबलं होतं. अशात एका सकाळी कारखान्याच्या एचआरच्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या मुलीनं सुपरवायझरवर हात उचलला. सगळ्यांच्या देखत. ताबडतोब या."

मी मंगलताईंना घेऊन निघाले. कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते उकरून ठेवलेले, बस रखडत चाललेली. मंगलताई सगळ्या वाटेत एकच वाक्य म्हणत होत्या, "ती असं करत नाही हो. ती असं कधी करत नाही."

प्राचीला त्यांनी गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये बसवलं होतं. इअरमफ कानांवर, नजर जमिनीवर, आणि ओढणीच्या टोकाचे धागे एकेक करून उपसणं चाललेलं. मी समोर जमिनीवर बसले. ती घाबरलेली असली की आपण तिच्यापेक्षा उंच राहायचं नाही, हा माझा नेम.

मंगलताईंना धीर नव्हता. "प्राची, आत्ताच्या आत्ता साहेबांना सॉरी म्हण. चल."

"नाही," प्राची म्हणाली.

"अगं, मारलंस ना तू त्यांना?"

"मारलं. चष्मा पडला."

"मग?"

"सॉरी चूक झाली की म्हणायचं."

मी विचारलं, "प्राची, आधी काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

तिनं सांगितलं. तिचं सांगणं असं असतं की त्यात एकही शब्द भरतीचा नसतो. दिनेश सर मागून आले. खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, हात काढा. ते हसले, म्हणाले, रागावते काय. हात काढला नाही. ती पुन्हा म्हणाली, हात काढा, जोरात म्हणाली. त्यांनी हात खाली पाठीवर नेला. मग तिनं वळून मारलं.

"बाजूला का नाही झालीस?" मी विचारलं.

"एका बाजूला टेबल. एका बाजूला भिंत. मागे सर."

 मग ती पहिल्यांदा माझ्या दिशेनं बघत म्हणाली, "तुम्ही शिकवलं, हात काढा म्हणायचं. ऐकलं नाही तर परत म्हणायचं, मोठ्यानं. मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा काय म्हणायचं ते तुम्ही शिकवलं नाही."

 आमच्या मुलींना आम्ही हा धडा पाठच करून घेतो, कारण जन्मभर त्यांना 'ऐक, बस, गप्प राहा' एवढंच शिकवलेलं असतं. पण दोनदा म्हटल्यावर जग ऐकतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

एचआरचे साहेब वाईट माणूस नव्हते. आमच्या संस्थेची आणखी तीन मुलं त्याच कारखान्यात होती, ती त्यांच्यामुळेच. त्यांनी चहा मागवला आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आम्ही समजून घेतो. तिची अवस्थाच तशी आहे. हात लावलेला चालत नाही, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. तुम्ही तुमच्या डॉक्टरांचं तसं एक सर्टिफिकेट द्या, तिला दिनेशची माफी मागू द्या. उद्यापासून येऊ दे कामावर. विषय संपला."

मंगलताईंनी दोन्ही हात जोडले. "उपकार होतील साहेब."

तेवढ्यात आमच्या संस्थेच्या संचालकांचा फोन. त्यांनाही बातमी लागली होती. "मिटवून टाका. बाकीच्या तिघांचा विचार करा."

मी विचार करतच होते. 'तिची अवस्थाच तशी आहे' या वाक्यानं मी आयुष्यभर कितीतरी कुलुपं उघडली आहेत. बसमध्ये ओरडणारा मुलगा, दुकानातल्या बरण्या रांगेत लावत बसणारी मुलगी. हे वाक्य म्हटलं की लोक नरमतात. त्या दिवशीही ते तोंडाशी आलं होतं. पण ते इथं म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? की तो हात बरोबर होता आणि खोट हिच्या पाठीत आहे?

मी चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, एक सांगा. हीच थप्पड लाइनवरच्या दुसऱ्या कुठल्या बाईनं मारली असती, तर तुम्ही पहिली गोष्ट काय केली असती?"

ते थोडे घुटमळले. "विचारलं असतं... की काय झालं."

"मग तेच विचारा. मी सर्टिफिकेट देणार नाही."

मंगलताई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांच्या लेकीची नोकरी खिडकीतून बाहेर भिरकावली होती.

कायद्यानं बायकांच्या अशा तक्रारींसाठी कारखान्यात एक समिती लागते. तिथं ती कागदावर होती. प्राचीची तक्रार मी लिहून दिली आणि समिती जागी झाली. बाहेरच्या सदस्य म्हणून नाशिकच्या एक वकीलबाई होत्या, तोंडानं कडक. चौकशी होईपर्यंत प्राचीनं घरी थांबायचं आणि दिनेश सरांनी ऑफिसात बसायचं, असं ठरलं.

ते दिवस वाईट गेले. मी जेलरोडला गेले तेव्हा प्राची निळा कोट घालून दारात उभी होती. मंगलताई म्हणाल्या, "रोज सकाळी अशीच उभी राहते. बसची वेळ टळली की कोट काढून घडी घालते. जेवत नाही धड." त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या, आणि माझी तक्रार नव्हती. शेजारच्या एका बाई मुद्दाम येऊन म्हणून गेल्या होत्या, "अशा मुलींना कशाला बाहेर पाठवायचं?"

मी सुनीताताईंनाही भेटले, कारखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर. त्या प्राचीच्या समोरच बसायच्या. त्यांनी नजर चुकवली. "म्या काय पाह्यलं नाय बाई. म्या खाली बघत व्हते. पाकिटं मोजत व्हते." त्यांच्या घरी दोन लेकी कॉलेजला, नवरा अंथरुणावर. मी आग्रह केला नाही.

मग मी माझ्या हातातलं होतं ते केलं. वकीलबाईंना भेटून म्हटलं, प्राची खोटं बोलणार नाही, पण तुम्ही नेहमीसारखं विचारलंत तर ती बोलणारच नाही. प्रश्न आधी लिहून द्या. एका वेळी एकच विचारा. उत्तराला वेळ द्या. ती तुमच्याकडे बघणार नाही, त्याचा अर्थ लपवते असा धरू नका. आणि खोलीतला तो खडखडणारा पंखा बंद ठेवा. बाई म्हणाल्या, "एवढंच? कोर्टात तर लोक याच्यापेक्षा जास्त लाड मागतात."

चौकशीच्या दिवशी आधी दिनेश सरांना बोलावलं. प्राचीला, मंगलताईंना आणि मला पलीकडच्या खोलीत बसवलं होतं, मधलं दार उघडंच. त्यांचा आवाज मोकळा, हसरा. "मला मुलीसारखी आहे हो ती. पाठीवर शाबासकी दिली. सगळ्यांनाच देतो. तिला काय कळतं, कुठला हात कसा? तिच्या मॅडमनीच सांगितलंय, हिला कुणाचाच स्पर्श सहन होत नाही. मग त्यात माझा काय दोष?"

माझेच शब्द होते. मी ते चांगल्या हेतूनं उच्चारले होते आणि आता ते त्यांच्या बाजूनं साक्ष देत होते.

मग प्राचीला बोलावलं. कारखान्यात जायचं म्हणून ती डोक्याला टोपी घालूनच आली होती. मी तिच्याबरोबर होते, पण मध्ये बोलायचं नाही असं ठरलेलं. पंखा बंद होता. सगळ्यांना घाम फुटला होता. वकीलबाई प्रश्न वाचायच्या आणि थांबायच्या. प्राचीनं केबिनमध्ये सांगितलं होतं तेच, तितकंच सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "तुला कुणीही हात लावला तरी चालत नाही, असं आहे का?"

"नाही," प्राची म्हणाली. "सुनीताताईंचा चालतो."

"का?"

"त्या विचारतात."

बाईंनी कागदावरून मान वर केली. पुढचा प्रश्न लिहिलेला नव्हता, तरी त्यांनी विचारला. "आणि दिनेश सर?"

"ते विचारत नाहीत. कुणालाच विचारत नाहीत. रेखाला पण नाही. सुनीताताईंना पण नाही." ती थांबली. आम्हाला वाटलं, झालं. पण ती उठून उभी राहिली. "सर आले की सुनीताताई असं करतात." आणि तिनं आपला डावा खांदा हळूच खाली सोडला, जरा पुढे घेतला, जणू टेबलाखाली पडलेलं काहीतरी उचलायचं आहे. वरचा हात आपोआप निसटावा, आणि निसटवला असं मात्र दिसू नये, एवढीच ती हालचाल.

 त्या खांद्याचा अर्थ समजावून सांगायची खोलीतल्या एकाही बाईला गरज नव्हती. मलाही नव्हती. दोन बसमध्ये आणि एका ऑफिसात मी तो तसाच खाली सोडलेला आहे.

वकीलबाई म्हणाल्या, "सुनीताबाईंना बोलवा."

सुनीताताई आल्या त्या पदर सावरत, काही पाह्यलं नाही हे पाठ करून. बाईंनी त्यांना प्राची काय म्हणाली ते वाचून दाखवलं. खांद्याचंही. सुनीताताईंनी उभ्या उभ्या ऐकलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि रडायलाच लागल्या, आवाज न करता.

"तिला समजत नाय असं म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "पोरगी समोर बसून सगळं बघत व्हती. म्या इतकं दिवस समजले, कुणाच्या ध्यानात येत नाय. लय दिवस झालं बाई. आम्ही चौघीजणी हाय. मला वाटायचं, आपुनच जरा सरकून बसावं, कशाला गवगवा."

त्यानंतर लाइनवरची रेखा आली, आणखी दोघी आल्या. कुणी बोलवायच्या आधीच दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

निकाल लागायला थोडा वेळ गेला, पण लागला. दिनेश सरांना कारखान्यातून काढलं. प्राचीलाही समज दिली गेली, की मारायचं नाही. मला ते मान्य होतं. मीही थप्पड मारायला शिकवत नाही. त्यानंतर आमच्या धड्यात तिसरी पायरी आली: लाइनचं लाल बटण दाबायचं आणि लाइन थांबवायची. कारखान्यात लाइन थांबली की साहेब पळत येतात. माणूस दुखावला म्हणून इतक्या वेगानं कधी येत नाहीत. सुनीताताईंनी मला एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलावून घेतलं आणि तो धडा लाइनवरच्या सगळ्या बायकांनी घेतला. आधी खूप हसल्या. 'हात काढा' हे शब्द मोठ्यानं म्हणायला त्यांना प्राचीपेक्षा जास्त दिवस लागले.

सगळंच गोड झालं असं नाही. दुसरा एक कारखाना आमची दोन मुलं घेणार होता, तो फोन उचलेना. तिथल्या मॅनेजरनं कुणाजवळ तरी म्हटलं म्हणे, "त्यांच्या पोरी हात उचलतात." ती दोघं आणखी बरेच महिने घरी बसली. त्यांच्या आईबापांनी मला कधी बोल लावला नाही, म्हणून ते जास्त लागतं. संचालक माझ्याशी जपून बोलायला लागले. सर्टिफिकेट दिलं असतं तर हे टळलं असतं का? टळलं असतं. तरी आजही मी ते देणार नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणी या प्रकरणाचा उल्लेख केला नाही, आणि माझ्या मते मी केलेलं सर्वांत चांगलं काम तेच होतं. प्राची अजून त्याच लाइनवर आहे. तिचा वेग आता बरा आहे. वॉशर ती कधीच विसरत नव्हती.

पण चौकशीच्या दिवसाचं थोडं राहिलं.

साक्षी संपल्यावर आम्ही तिघी गेटकडे निघालो. पॅसेजमध्ये सुनीताताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे पुसलेल्या. प्राची त्यांच्यासमोर जाऊन थांबली.

"तुम्ही का नाही सांगितलं?" तिनं विचारलं. त्यात ठपका नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

सुनीताताई कसनुसं हसल्या. "सवय झाली व्हती गं."

प्राचीनं विचार केला. "मला नाही झाली," ती म्हणाली. मग डोक्यावरची टोपी काढून सुनीताताईंच्या हातात दिली, कारण ती त्या दिवशी कामावर नव्हती आणि टोपी कारखान्याची होती.

मंगलताई हे सगळं ऐकत उभ्या होत्या. बसमध्ये प्राची खिडकीशी बसली, मंगलताई मध्ये, मी कडेला. शिंदे गावचा टोलनाका येईपर्यंत त्या समोरच्या सीटकडे बघत बसल्या. मला वाटलं, अजून रागावल्या आहेत. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मॅडम, ही दोन वर्षांची होती तेव्हापासून मी देवापुढे एकच मागणं मागितलं. कालिकेची ओटी भरली, नवस बोलले, उपास केले. माझी पोरगी चारचौघींसारखी होऊ दे." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "आज त्या चौघीजणींना बघितलं. बरं झालं देवानं ऐकलं नाही."

 नाशिकरोड जवळ आलं होतं, रस्त्याच्या खणलेल्या बाजूनं बस हेलकावे खात चालली होती. प्राचीनं बाहेर बघतच विचारलं, "मग आता काय मागणार?"

मंगलताईंनी पदरानं तोंड पुसलं. खूप दिवसांनी त्या हसल्या. "आता काय मागायचं? सकाळची सिन्नरची बस वेळेवर येऊ दे, एवढंच."

"ते देवाकडे नाही," प्राची म्हणाली. "ते डेपोकडे आहे."